तीनदा सांगणारे मालक

आमचे घरमालक कुठलीही गोष्ट तीनदा सांगत. एकदा सांगून त्यांचं समाधान होत नसे, आणि दोनदा सांगून थांबलं तर एकाच पायात चप्पल घालून निघाल्यासारखं त्यांना वाटे. मी खोली बघायला गेले तेव्हा ते अंगणात हौदाच्या कट्ट्यावर बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी, दोरीला बांधलेला चष्मा गळ्यात. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "भिंतीत खिळा मारायचा न्हाय."

मी मान हलवली.

"खिळा भिंतीत मारायचा न्हाय."

मी पुन्हा मान हलवली.

"मारायचा न्हाय खिळा भिंतीत."

तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, "साकु!"

मालकीणबाई अक्कलकोटकडच्या. घरात कानडी बोलत. साकु म्हणजे पुरे. पुढं मी त्या घरात राहिले तेवढी वर्षं मालकांचं तीनदा आणि बाईंचं एकदा, असं ऐकत राहिले.

मी फार बोलणारी नाही. चार माणसांत गेलं की मी नुसती मान हलवते. मालकांना माझा तोच गुण आवडला. "तू बोलत न्हाईस म्हंजे ऐकतीस," असं ते म्हणत. तेही तीनदा.

ही सवय स्टँडवरची. सगळी नोकरी त्यांनी एस. टी. स्टँडवर माइकपुढं काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुणाचं पोर हरवलं, कुणाची पिशवी सापडली, सगळं त्यांच्या आवाजात. निवृत्त झाले तेव्हा खुर्ची तिथं राहिली आणि सवय घरी आली. माइक हातात नसताना ते आपल्यासारखेच बोलत, हितं ये, तितं बस, कुटं गेलतीस. माइक हातात आला की माणूस पुस्तक होई. "कृपया लक्ष द्या." माइक खाली ठेवला की लगेच, "माझी तपकीर कुटं गेली गं?"

त्यांच्या घरी स्वतःचा भोंगा होता. म्हणून पेठेत काही झालं की लोक त्यांच्याकडं येत. एकदा कोपऱ्यावरचे म्हातारे शिंपी वारले. मालकांनी गच्चीवर भोंगा लावला आणि सुरू केलं, "कृपया लक्ष द्या. आपल्या पेठेतील ज्येष्ठ शिंपी यांची अंत्ययात्रा त्यांच्या राहत्या घरून थोड्याच वेळात सुटत आहे. कृपया लक्ष द्या. अंत्ययात्रा सुटत आहे. ज्यांना जायचे असेल त्यांनी त्वरित उपस्थित राहावे." शिंप्याची सून रडता रडता पदर तोंडात धरून हसली. तिनं नंतर सांगितलं, मला वाटलं आता तिकीटपण काढायला लावतात.

आता हौदाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी भरून ठेवायचं आणि पुढची पाळी येईतोवर पुरवायचं. मालकांच्या अंगणात त्यांच्या वडिलांनी बांधलेला दगडी हौद होता. खोल, थंडगार, वर लोखंडी झाकण. पाण्याची पाळी आली की तो भरायचा आणि घरातल्या सगळ्या खोल्यांना पुरायचा. त्या हौदाच्या जोरावर आम्ही बायका अंगणातल्या पत्र्याखाली कडक भाकरीचं काम करायचो. मी, अंबूबाई आणि आणखी दोघी. पीठ मळायला पाणी, थापताना हात ओला करायला पाणी, तव्यावर टाकलेल्या भाकरीवर फिरवायला पाणी. भाकरी भाजून, वाळवून, पापडासारखी कडक झाली की दुकानदार घेऊन जाई. नवऱ्याचा चिंचोळीच्या कारखान्यातला पगार खोलीभाड्यात आणि किराण्यात जाई. मुलीची फी, तिचा चष्मा, तिचे बूट हे भाकरीचं. म्हणजे खरं बघितलं तर हौदाचं.

भाकरी वाळत घालायला कापड लागतं. त्याची कमी मालकांनी कधी पडू दिली नाही. त्यांच्याकडं पुढारी यायचे आणि सोलापुरात पुढारी आला की टॉवेल आला. येणारा प्रत्येक जण मालकांच्या खांद्यावर टॉवेल टाकून जाई. मालकीणबाई ते घडी न मोडता आमच्याकडं देत. आमच्या भाकरी सगळ्या पक्षांच्या टॉवेलांवर शेजारी शेजारी वाळायच्या. अंबूबाई म्हणायची, "युती बघायची असंल तर हितं या म्हणावं."

पुढारी यायचे ते मालकांच्या आवाजासाठी. निवडणूक लागली की रिक्षावरून जी घोषणा फिरते ती मालक रेकॉर्ड करून देत. कुठल्याही पक्षाची. सकाळी एकाची, दुपारी त्याला पाडणाऱ्याची. मी एकदा विचारलं होतं, खरं म्हणजे अंबूबाईनं विचारलं आणि मी शेजारी उभी होते, "मालक, तुमचं मत कुणाला?"

"गाडी कुटल्याबी गावाला जाऊ दे, फलाटाचं भाडं सारखंच," मालक म्हणाले.

पण नुसता आवाज देणं त्यांना पुरत नसे. भाषण कसं करायचं हेही ते शिकवत. त्यांची विद्या एका गाडीवरून सुरू झाली होती. ती गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की मी स्वतः स्टँडवर हजर होते असं मला वाटतं.

एकदा स्टँडवर अक्कलकोटची गाडी तीन नंबरच्या फलाटाला लागली होती. पाटी लावलेली, दार उघडं, ड्रायव्हर बसलेला. मालकांच्या तोंडून चुकून सात गेलं. आणि एकदा गेलं ते सवयीनं तीनदा गेलं. "आणि काय सांगू तुला," मालक म्हणत, "गाडी म्होरं उभी. पाटी वाचता येतीय. तरी समदी माणसं उठली आणि पिशव्या घेऊन सात नंबरला पळाली. मोकळ्या फलाटाला! गाडीत बसलेलीबी खाली उतरली. कंडक्टर उतरून पळाला त्यांच्या मागं. आपलीच गाडी सोडून!"

"मग?"

"मग काय. समदे तितं उभे. ड्रायव्हर बघितला, बघितला आणि गाडी उचलून सात नंबरला नेली की!"

इथं ते मांडीवर थाप मारत. माणसाचा डोळ्यापेक्षा कानावर भरवसा जास्त, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आणि त्याच्याही पुढचं कळलं, ते म्हणजे नेटानं सांगत राहिलं की शेवटी गाडीसुद्धा येते. हे दुसरं त्यांना कळलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यांचे बाकीचे नियम साधे होते. होणार असं कधी म्हणायचं नाही, झालं म्हणायचं. "होणार म्हटलं की माणूस इचारतो, कधी? झालं म्हटलं की माणूस घरी जाऊन बघतो. न्हाय दिसलं तर त्याला वाटतं, समद्यांचं झालं, माझंच तेवढं राहिलं. मग लाजून गप बसतो." दुसरा नियम प्रश्नांचा. आधी दोन असे प्रश्न विचारायचे की माणसाला व्हय म्हणावंच लागेल. तिसऱ्याला तो आपोआप व्हय म्हणतो.

"कसं काय?" अंबूबाईनं विचारलं.

मालक वळले माझ्याकडं. "औंदा ऊन लई हाय का न्हाय?"

"व्हय."

"ज्वारी महागली का न्हाय?"

"व्हय."

"मग खोलीचं भाडं वाढवायला पायजे का न्हाय?"

"व्हय," मी म्हणाले.

अंबूबाईनं कपाळावर हात मारून घेतला, तो पिठाचा होता. आतून आवाज आला, "साकु!" भाडं त्या महिन्यात वाढलं नाही ते मालकीणबाईंमुळं.

भाषणाची परीक्षा मालक आमच्यावरच घेत. पुढाऱ्याला हौदाच्या कट्ट्यावर उभं करायचं आणि आम्ही पत्र्याखाली भाकरी थापत बसायचं. मला म्हणत, "तू बघू नकोस, ऐकू नकोस, नुसती थापत ऱ्हा." आणि मग पुढाऱ्याकडं न बघता माझ्या हाताकडं बघत. वाक्य चालणारं असलं की माझा हात आपोआप त्याच्या ठेक्यावर पडे. नसलं की हात अडे, थांबे. "पडलं," मालक म्हणत. "बाईचा हात थांबला म्हंजे भाषण पडलं." मोठमोठ्या गाड्यांतून आलेली माणसं माझ्या हाताकडं बघत उभी राहायची, ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं होई. पण हात ऐकायचा नाही. तो ठेका धरायचाच.

अशाच एका निवडणुकीत तो बादलीवाला आला. बादली हे त्याचं चिन्ह. तरुण होता, पांढरे कडक कपडे, मनगटात जाड कडं. आमच्या वॉर्डात उभा होता आणि मालकांना काका म्हणायचा. कट्ट्यावर चढून त्यानं सुरुवात केली, "माझ्या बंधू आणि भगिनींनो, सर्वांगीण आणि सर्वसमावेशक विकासाचा रोडमॅप…"

माझी भाकरी परातीत तशीच राहिली.

"पडलं," मालक म्हणाले. "साहेब, तुमचं चिन्ह काय?"

"बादली."

"पेठेला काय पायजे?"

"पाणी."

"मग झालं की. रोडमॅप कशाला पायजे? म्हणा, पाणी आलं."

"पण काका, अजून आलं कुठं?"

मालकांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "म्हणा."

"पाणी आलं."

"तीनदा."

"पाणी आलं, पाणी आलं, बादली भरा, पाणी आलं!"

धप, धप, धपधप, धप. माझा हात असा बसला त्याच्यावर की अंबूबाईचाही बसला, बाकीच्या दोघींचाही. सगळ्या पत्र्याखाली एकच ठेका. बादलीवाल्यानं मालकांचे पाय धरले. जाताना त्यानं टॉवेल टाकला, तो मात्र मोठ्या पन्ह्याचा होता.

दुसऱ्या दिवसापासून रिक्षा फिरू लागली. मालकांच्या खणखणीत आवाजात, "पाणी आलं, पाणी आलं, बादली भरा, पाणी आलं!" पहिल्या दिवशी तर घोटाळाच झाला. रिक्षा बोळात शिरली आणि सगळ्या बायका घागरी घेऊन नळाकडं पळाल्या. पळणाऱ्यांत मालकीणबाई पण होत्या. परत येऊन त्यांनी मालकांना कानडीत जे सुनावलं ते साकुपेक्षा बरंच लांब होतं.

मग लोकांना सवय झाली. पोरं गाणं म्हणून म्हणू लागली. जेवताना, निजताना, कपडे धुताना कानात तेच. आणि हळूहळू गंमत होऊ लागली. शेजारच्या पेठेतली बाई मला दळणाच्या गिरणीत म्हणाली, "तुमच्याकडं आलं म्हणं पाणी." आणि मी म्हणाले, "आमच्या बोळात नाही, पलीकडं आलंय वाटतं." पलीकडच्या बोळातल्यांना वाटत होतं की आमच्याकडं आलंय. कुणी कुणाला नीट विचारलं नाही. मालकांनी सांगितलं होतं तसंच सगळं चाललं होतं.

बादलीवाला निवडून आला. रस्ता खणला, पाइप टाकला, रस्ता बुजवला. आमच्या दारात नवा चकचकीत नळ उभा राहिला. नारळ फुटला, बादलीवाल्यानं नळ फिरवला आणि खरंच पाणी आलं. टाळ्या वाजल्या. मालक माइकवर होते. पाण्याची धार बघून त्यांचाही आवाज जरा कापला. पाहुणे गेले आणि थोड्या वेळानं धारही गेली. मालक म्हणाले, "पहिला दिवस हाय. उद्यापासनं रोज."

मला वाटतं त्याच दिवशी ते फसले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते. पण सगळ्या पेठेत दिवसभर जो आवाज फिरत होता तो त्यांचा स्वतःचाच होता, आणि त्या आवाजावर अविश्वास दाखवायची त्यांना सवय नव्हती.

पुढच्या आठवड्यात अंगणात एक गाडी येऊन विटांचे तुकडे आणि मुरूम ओतून गेली. मालक म्हणाले, हौद बुजवायचा. वर सिमेंट करून रेकॉर्डिंगची खोली बांधायची. आता लांबलांबून पुढारी येणार, अंगणात उभं करणं बरं दिसत नाही.

आमचे हात थांबले. अंबूबाई म्हणाली, "मालक, आवं आदी रोज पाणी येऊ द्या की. मग बुजवा. आमचं काम समदं हौदावर हाय."

मालक हसले. कट्ट्यावर बसून त्यांनी आम्हा चौघींकडं बघितलं. "नळ बसला का न्हाय?"

"व्हय," आम्ही म्हणालो.

"धार तुमच्या डोळ्यानं बघितली का न्हाय?"

"व्हय."

"मग हौद आता अडगळ हाय का न्हाय?"

नको नको म्हणेपर्यंत आमच्यातल्या कुणाच्या तरी तोंडून व्हय गेलं. ती मी नव्हते. पण मी नाही असंही म्हणाले नाही. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या साकु म्हणाल्या, मोठ्यानं. मालकांनी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत हौदाच्या जागी मुरमाचा ढीग होता.

नंतर काय झालं ते लांबवत नाही. नवा नळ कोरडा. जुन्या नळाचं पाणी पूर्वीसारखं पाळीला, पण ते साठवायला जागा नाही. खोल्यांत घागरी, बादल्या, पातेली, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या, जे मिळेल ते भरायचं आणि तरी दोन दिवसांत ठणठणाट. प्यायचं पाणी बाजूला काढून उरेल तेवढ्यातच पीठ मळायचं. दुकानदार आधी चिडला, मग दुसरीकडून माल घेऊ लागला. आमच्यातल्या दोघी चिंचोळीला पॅकिंगच्या कामाला गेल्या. अंबूबाई आणि मी टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचो आणि त्यात जमेल तेवढ्या भाकरी करायचो. मुलीनं एकदा विचारलं, "आई, फी पुढच्या महिन्यात दिली तर चालतं का, सरांना विचारू?" मी म्हणाले, नको विचारू. काय करणार होते ते मला माहीत नव्हतं.

मालक रोज सकाळी नव्या नळाखाली बादली ठेवून शेजारी स्टूल टाकून बसत. जाणारायेणारा विचारी, "काय मालक?"

"येतंय," मालक म्हणत. "येतंय, येतंय."

अंबूबाई एकदा बोललीच. "मालक, गाडी सात नंबरला अजून आली न्हाय व्हय?" मी तिला चिमटा काढला. मालकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी ते स्टूल घेऊन लवकर आत गेले.

शेवटी मालकीणबाईंनीच त्यांना बादलीवाल्याकडं पाठवलं. इस्त्रीचा सदरा घालून, छत्री घेऊन भर उन्हात गेले. परत आले ते फाटकाशी उभे राहिले आणि आत येईनात. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"काय म्हणाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"चहा पाजला."

"आणि?"

मालक थांबत थांबत सांगू लागले. "म्हणाला, काका, तुमी आमच्या घरचे हाय का न्हाय? मी म्हटलं, व्हय. म्हणाला, आमी तुमचा मान ठेवतो का न्हाय? म्हटलं, व्हय. म्हणाला, मग जरा कळ काढाल का न्हाय?"

"आणि तुमी?"

मालक फाटकाच्या सावलीत उभे होते. छत्री तरी डोक्यावर उघडीच होती. मग मालकीणबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. अंबूबाई हसली. मीही हसले. टँकरचं पाणी भरून खांदे तुटत होते आणि आम्ही हसत होतो. मालक एकटेच हसत नव्हते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, नवाच होता, आणि माझ्या परातीशेजारी ठेवला.

पावसाळा गेला. पाणी आलं नाही, पण पेठेच्या तोंडाशी कमान आली. सिमेंटची मोठी कमान आणि तिच्या डोक्यावर सिमेंटचीच बादली, तिच्यातून खाली सांडणारं निळ्या रंगाचं पाणी. पेठेत तेवढंच पाणी न अडकता वाहत होतं. उद्घाटनाला मंडप पडला. बादलीवाल्यानं मालकांना निरोप धाडला, सूत्रसंचालन तुम्हीच करायचं. मालकीणबाई म्हणाल्या, जाऊ नका. मालक गेले.

कमान आमच्या फाटकासमोरच. अंबूबाई आणि मी पत्र्याखाली बसलो होतो, एका घागरीतल्या पाण्यात होतील तेवढ्या भाकरी करत. मंडपातलं सगळं ऐकू येत होतं. फाटकातून मालक दिसत होते. हातात कागद, त्यावर बादलीवाल्याच्या माणसानं लिहून दिलेलं. पहिल्या ओळी नेहमीच्या, आगमन, स्वागत, पुष्पहार. मालकांचा आवाज तोच, खणखणीत. माझा हात सवयीनं ठेका धरून होता. मग ते थांबले. कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"कृपया लक्ष द्या. आपल्या पेठेत पाणी आलेले नाही."

माझा हात वर गेला होता, तो वरच राहिला. दुसऱ्यांदा ऐकायला. अंबूबाईचाही. मंडपातली माणसंसुद्धा थांबली होती, दुसऱ्यांदा सांगतील म्हणून. इतकी वर्षं ज्या माणसाचं तीनदा ऐकलं त्याचं एकदा ऐकून कुणाला पुढं काय करायचं तेच कळेना.

मालक दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. म्हणाले, "माझ्या अंगणात हौद होता. माझ्याच आवाजाला फसून तो मी बुजवला. त्याने चार घरांचे काम गेले." मग माइक टेबलावर ठेवला, टेबलाखालची चप्पल शोधली, ती घातली आणि रस्ता ओलांडून घरी आले. भाषण पडलं होतं, माझा हात साक्षीला होता.

बादलीवाला हुशार. त्यानं माइक उचलला आणि हसत म्हणाला, "काका आमचे वडीलधारे. वय झालंय. वय झालं की माणसाचं असंच होतं. वयाचा मान आपण ठेवायचा का नाही?"

"व्हय!" मंडप म्हणाला.

संध्याकाळी गिरणीत तीच शेजारच्या पेठेतली बाई मला म्हणाली, "तुमच्या मालकांचं वय झालं म्हणं." मी दळण घेतलं. नेहमीची मी मान हलवून निघाले असते. पण म्हणाले, "वय झालंय. पाणी नाही आलं." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तिनं विचारलं, काय? मी पुन्हा म्हणाले, "पाणी नाही आलं." ती म्हणाली, अगं, आमच्याकडंपण न्हाय की. पलीकडची एक जण म्हणाली, आमच्याकडं कुटं आलंय! तिसरीही काही बोलली, पण तोवर गिरणी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कुदळीचा आवाज आला. मालक बंडी घालून मुरूम उकरत होते. सिमेंट अजून झालं नव्हतं, एवढं बरं. त्यांचा एक घाव बसायचा आणि ते दहा श्वास घ्यायचे. मालकीणबाई पाटी घेऊन बाहेर आल्या. मग अंबूबाई, मग मी. चिंचोळीला गेलेल्या दोघी सुट्टीच्या दिवशी आल्या, नवऱ्यांना घेऊन. मंडपात व्हय म्हणणाऱ्यांतलेही काही आले. त्यांना कुणी काही बोललं नाही, पाटी दिली. पुढारी मात्र त्या दिवसापासून यायचे बंद झाले. टॉवेल तेवढे राहिले. मुरूम त्यांच्यातच बांधून बाहेर नेला. पक्ष कुठला ते बघितलं नाही.

तळ लागला, दगड धुतले, भेगा भरल्या. पाण्याची पाळी आली त्या दिवशी दुपारी जुन्या नळाला पाइप लावून हौदात सोडला. आम्ही सगळ्या काठाला उभ्या. दुकानदारानं पुन्हा माल घेईन म्हटलं होतं, पण बघून. पाणी आधी तळाला पसरलं, मग दगड बुडाले, मग पायरी बुडाली. मालक कट्ट्यावर बसून खाली बघत होते. मालकीणबाई त्यांच्या शेजारी.

अंबूबाईला राहवेना. "मालक, सांगा की आता! तुमच्या भोंग्यावरनं सांगा. आता तर खरंच आलंय."

आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. सवयच होती आम्हाला. मालकांनी गळ्यातला चष्मा डोळ्याला लावला, हौदात वाकून बघितलं आणि म्हणाले,

"सांगायचं काय त्यात? दिसतंय की."

मी कळशी बुडवली आणि पीठ भिजवायला घेतलं.